‘तांत्रिक बिघाड’ म्हणजे नक्की कुठली वायर?

ठाणे_स्लो (धागाकर्ता)

कुठलाही मोठा अपघात घ्या. पहिल्या दिवशी आकडे, दुसऱ्या दिवशी ‘तांत्रिक बिघाड की मानवी चूक?’, आठव्या दिवशी सगळं शांत. अहवाल येतो वर्षा-दीड वर्षाने आणि तो कोणी उघडत नाही. रेल्वे, जहाज, विमान, तिन्हीकडे हेच.

मला दोन गोष्टींवर माहितगारांचं ऐकायचं आहे. पहिली, सुरुवातीच्या काही तासांत तपास करणारे नेमकं काय गोळा करतात आणि त्यातलं काय हातातून निसटतं? दुसरी, या तिन्ही तपासांसाठी अमेरिकेसारखं एकच स्वतंत्र मंडळ हवं का? माझं मत, हवं.

एक विनंती. अहमदाबादच्या विमान अपघाताचा अंतिम अहवाल येण्याआधी इथे निकाल लावू नका. त्यासाठी व्हॉट्सॲप आहे.

चष्मेबहाद्दर

मी पयला. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे, येऊ द्या जाणकारांना.

खडीवाला

रुळांपासून सुरुवात करतो.

गाडी घसरली की पुराव्याचा पहिला शत्रू असते रिलीफ ट्रेन. जखमी बाहेर निघाले की वरून एकच प्रश्न येत राहतो, ‘लाइन कधी देता?’ क्रेन डबे उचलते, जेसीबी खडी सारतो आणि त्या खडीबरोबर अर्धा तपास जातो. म्हणून यंत्रं लागायच्या आत एक जागा सापडायलाच हवी: चाकाची फ्लँज (आतल्या बाजूची उंच कड) रुळाच्या माथ्यावर जिथे चढली ती. तिला माउंट म्हणतात. तिथून माथ्यावर एक तिरकी ओरखड्याची रेघ जाते आणि चाक पलीकडे उतरतं ती जागा म्हणजे ड्रॉप. रेघ लांब असली तर चाक सावकाश चढलं आहे. आखूड असली, किंवा नसलीच, तर चाक उचललं गेलं किंवा उडालं. या एका रेघेवरून पुढे संशय रुळावर घ्यायचा, चाकावर घ्यायचा की डब्यातल्या मालावर, ते ठरायला लागतं.

माउंटला शून्य नंबर देऊन मागे-पुढे तीन-तीन मीटरवर रंगाच्या खुणा करतात आणि प्रत्येक खुणेवर गेज (दोन रुळांमधलं अंतर) आणि क्रॉस-लेव्हल (दोन रुळांच्या उंचीतला फरक) मोजतात. मागची, म्हणजे गाडी जिकडून आली तिकडची मापं जास्त मोलाची. पुढचा रूळ घसरलेल्या चाकांनीच वाकवलेला असतो, तिथे मोजून काय मिळणार?

मग चाक. फ्लँजची जाडी १६ मिमीच्या खाली, टोकाची गोलाई ५ मिमीच्या खाली, मुळाची गोलाई १३ मिमीच्या खाली, यातलं काहीही निघालं तर चाक बाद. आणि हे सगळं पाहताना नाडालचं सूत्र डोक्यात ठेवायचं: चाकावरचा आडवा जोर भागिले उभा भार. आपल्या ब्रॉडगेज चाकाच्या फ्लँजचा उतार अडीचास एक. घर्षण ०.२५ धरलं तर चाक चढायची मर्यादा येते साधारण १.३८. तेच घर्षण ०.४ धरा, मर्यादा उतरते १.०५ वर. म्हणजे चाक तेच, रूळ तोच, फक्त वळणावर वंगण नाही आणि रुळाची कड खरखरीत, एवढ्यावर चाक चढायला लागणारा आडवा जोर जवळपास पाव हिश्शाने कमी होतो. ‘काल याच रुळावरून गाडी नीट गेली होती’ या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नसतो.

आगाऊ_सिग्नल

खडीवाला, जॉइंट नोट विसरलात! सगळ्या खात्यांच्या सुपरवायझरांनी जागेवर उभं राहून एका कागदावर कारण लिहून सह्या करायच्या. पी-वे (रुळांचं खातं) म्हणणार चाक खराब, कॅरेज-वॅगनवाले (डब्यांचं खातं) म्हणणार रूळ खराब, दोघं मिळून म्हणणार ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला. ड्रायव्हर बिचारा दवाखान्यात.

खडीवाला

@आगाऊ_सिग्नल, हसण्यावारी नेऊ नका, ती नोट फार उपयोगाची असते. कारणासाठी नव्हे. सगळ्या खात्यांनी मिळून मान्य केलेली मापं तिच्यात असतात आणि नंतर ती कोणाला बदलता येत नाहीत. कारणाच्या रकान्यात भांडण होणारच. तिथे असहमतीची टीप लिहायची मुभा असते आणि कधीकधी खरं कारण त्या टिपेतच निघतं.

रूळ तुटलेला असेल तर दोन्ही तुकडे ताबडतोब झाकून ठेवायचे. तुटलेल्या तोंडावर जुनी भेग काळपट-तांबूस दिसते, नुकती तुटलेली धातू चकचकते. रात्रभर पाऊस लागला की सगळंच तांबूस होतं आणि हा फरक पुसला जातो.

डोलकाठी

समुद्रात तुमच्यासारखी जागा नसते. घटनास्थळ वाहून जातं किंवा बुडतं.

जहाजावर व्हीडीआर (प्रवासाची नोंद ठेवणारा रेकॉर्डर) असतो, विमानाच्या ब्लॅक बॉक्सचा चुलतभाऊ. ब्रिजवरचे (जहाज चालवतात त्या खोलीतले) आवाज, व्हीएचएफ रेडिओ, रडारचं चित्र, जीपीएस, सुकाणूची आज्ञा आणि प्रत्यक्ष कोन, इंजिनाची आज्ञा, काही अलार्म. जुन्या यंत्रांत १२ तासांचं मुद्रण राहायचं आणि त्यावर नवीन चढायचं. १ जुलै २०१४ नंतर बसवलेल्यांत पक्क्या कुपीत ४८ तास, बुडताना सुटून तरंगणाऱ्या कुपीत ४८ तास आणि जहाजातल्या रेकॉर्डरमध्ये ३० दिवस. पण जहाज तरंगत असेल, म्हणजे साधी टक्कर किंवा गाळात रुतणं, तर कोणीतरी ‘सेव्ह’ करावं लागतं. कॅप्टन त्या वेळी पाणी कुठून शिरतंय ते बघत असतो, बटण कोणाच्या लक्षात राहणार? जुन्या व्हीडीआरची कित्येक मुद्रणं अशीच गेली.

जहाज बुडालं तरी आशा संपत नाही. ‘एल फारो’ १ ऑक्टोबर २०१५ ला चक्रीवादळात ३३ जणांसह गेलं. कुपी ऑगस्ट २०१६ मध्ये साधारण १५,००० फुटांवरून वर काढली. तिच्यात ब्रिजवरचं सुमारे २६ तासांचं बोलणं मिळालं आणि त्याची लिखित प्रत ५०० पानांच्या वर गेली.

आता आपल्याकडचं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची इंजिनाची चाचणी देणारी स्पीडबोट धडकली, १५ जण गेले. असल्या बंदरातल्या बोटींवर व्हीडीआर नसतो. तिथे प्रवाशाने मोबाइलवर काढलेला व्हिडिओच मोठा पुरावा. अशा व्हिडिओतून वेग काढता येतो. फ्रेम मोजायच्या आणि बोटीची लांबी पट्टी म्हणून वापरायची. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत बोट स्वतःच्या लांबीएवढं अंतर किती फ्रेममध्ये कापते ते पाहिलं की झालं. फक्त मूळ फाइल हवी. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फाइलीचे फ्रेम बदललेले असतात.

चष्मेबहाद्दर

म्हणजे शेवटी व्हॉट्सॲपच दोषी. धागाकर्ता खूश.

नारिंगी_डबा

विमानाचं लिहितो, पण आधी एक गैरसमज. ब्लॅक बॉक्स सापडला म्हणजे तपास संपला असं नसतं. आणि तो काळा नसतो, माझ्या नावाकडे बघा.

पेटीच्या कसोट्या: ३४०० जी चा धक्का साडेसहा मिलिसेकंद, ११०० अंश सेल्सिअसची आग तासभर, ६००० मीटर खोल पाण्याचा दाब ३० दिवस. पाण्यातून निघालेली पेटी कोरडी करायची नाही, हे नवख्या माणसाला पटत नाही. ती गोड्या पाण्यात बुडवूनच प्रयोगशाळेत न्यायची. हवा लागून खारट पाणी सुकलं की गंज चिपच्या पायांपर्यंत जातो. बीकन ३७.५ किलोहर्ट्झवर टिकटिक करतो, पूर्वी ३० दिवस, आता ९०.

आवाजाची पेटी मात्र जिवंत विमानात जास्त मरते! ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्सचा दरवाजाच्या जागी बसवलेला तुकडा हवेत निघून गेला. विमान सुखरूप उतरलं, वीज चालू राहिली, सर्किट ब्रेकर वेळेत ओढला गेला नाही आणि दोन तासांच्या मुद्रणावर नवीन चढलं. कॉकपिटमधलं बोलणं कायमचं गेलं. डोलकाठींनी सांगितलेली ‘सेव्ह’ बटणाची गोष्ट आणि ही एकच आहे. त्या तुकड्याचे चार बोल्ट बसवलेच नव्हते हे पेटीतून कळलं नाही. सापडलेल्या तुकड्यावरच्या खुणांतून आणि कारखान्यातल्या फोटोंतून कळलं.

अवशेषांत आधी ‘चार टोकं’ शोधतात: नाक, शेपटी, दोन्ही पंखांची टोकं. चारही एकाच ठिकाणी सापडली तर विमान जमिनीवर येईपर्यंत अखंड होतं. एखादं टोक दोन किलोमीटर मागे पडलेलं असेल तर तपासाची दिशाच बदलते. इंजिनाची पाती फिरत असताना आपटली तर फिरण्याच्या उलट दिशेला वाकतात, थांबलेली असतील तर तशी वाकत नाहीत. जुन्या विमानांत इशारादिव्यांचे बल्बसुद्धा जपून काढायचे. पेटलेल्या बल्बची तार गरम आणि मऊ असते, धक्क्याने ताणली जाते. विझलेल्याची कडकन तुटते. आपटलं त्या क्षणी कुठला दिवा लागला होता ते यावरून कळतं.

पुणेरी_मिरची

वाखूसा (वाचनखूण साठवली). असे धागे हल्ली येत नाहीत.

एक शंका. आपल्याकडे दुकान जळो, कारखाना जळो, कारण ठरलेलं: शॉर्ट सर्किट. हे कोण ठरवतं?

आगाऊ_सिग्नल

@पुणेरी_मिरची, पंचनामा लिहिणारा पेन ठरवतो :)

खरं सांगायचं तर तांब्याच्या तारेचं टोक बघतात. ठिणगीने वितळलं असेल तर टोकाला छोटा गोल मणी असतो आणि त्याच्या मागे तार एकदम सरळ, धारदार सीमा. नुसत्या आगीने वितळलं तर तार लांबवर ओघळलेली, कुठे जाड कुठे बारीक. पण मणी सापडला म्हणजे आग तिथून लागली असं नाही. आग लागली तेव्हा तारेत वीज होती एवढंच त्यातून ठरतं. आगीने आवरण जळलं की नंतरही ठिणगी पडतेच ना. म्हणून ‘मणी सापडला, सबब शॉर्ट सर्किट’ हा तपास नव्हे.

तारेवरून आठवलं. बालासोरवर कोणी लिहिलं नाही अजून.

२ जून २०२३, बहानगा बाजार स्थानक. मेन लाइनचा सिग्नल हिरवा, पण पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) क्रमांक १७ लूप लाइनकडे, म्हणजे बाजूच्या रुळाकडे, लागलेला. कोरोमंडल एक्स्प्रेस १२८ च्या वेगाने लूपवर शिरली आणि लोहखनिजाच्या उभ्या मालगाडीवर आदळली. जवळपास तीनशे माणसं गेली. प्रश्न असा, की पॉइंट लूपला असताना सिग्नल मेन लाइनचा पडलाच कसा? इंटरलॉकिंगचं, म्हणजे सिग्नल आणि पॉइंट एकमेकांशी बांधणाऱ्या यंत्रणेचं, सगळं अस्तित्वच ते होऊ नये म्हणून आहे.

इंटरलॉकिंगला डोळे नसतात. पॉइंटजवळून केबलने येणारा करंट हेच त्याचे डोळे. त्या केबली वाटेत लोकेशन बॉक्समध्ये येतात. बॉक्स म्हणजे रुळाशेजारचं लोखंडी कपाट, आत टर्मिनलच्या रांगा, प्रत्येक टर्मिनलवर अक्षर-आकडा. २०१८ मध्ये तिथली काही सर्किटं दुसऱ्या टर्मिनलवर हलवली, पण पट्टीवरची अक्षरं बदलली नाहीत. पाच वर्षं काही झालं नाही. अपघाताच्या दिवशी ९४ नंबरच्या फाटकाचा विजेवरचा अडसर बदलायचं काम निघालं. अक्षरं खरी मानून तारा जोडल्या आणि पॉइंट १७ ‘सरळ’ असल्याचा खोटा करंट आत जाऊ लागला. यंत्रणा तिला मिळालेल्या माहितीप्रमाणे अगदी बरोबर वागली.

यावर उपाय जुना आहे, त्याला कॉरस्पॉन्डन्स टेस्ट म्हणतात. एक माणूस पॉइंटपाशी उभा, एक रिले रूममध्ये (सिग्नलचे विजेचे स्विच असतात त्या खोलीत), एक स्थानकातल्या पॅनेलवर. पॉइंट फिरवायचा आणि तिघांनी ओरडून सांगायचं, काय दिसतंय. तिन्ही उत्तरं जुळली तर काम संपलं. डिस्कनेक्शनचा कागद, म्हणजे टी/३५१, भरायचा तोच यासाठी, की चाचणी होईपर्यंत त्या मार्गावर गाडीला सिग्नल जाऊ नये. त्या संध्याकाळी ही चाचणी झाली नाही, म्हणजे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालेली चूक एकट्या तारेची नव्हती. आणखी एक गोष्ट बोचते. वर्षभर आधी, १६ मे २०२२ ला, खरगपूर विभागातच बांकडानयाबाज स्थानकात चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार झाला होता. तिथे कोणी मेलं नाही, म्हणून तो धडा तिथेच राहिला.

डोलकाठी

@आगाऊ_सिग्नल, टर्मिनल आणि लेबल म्हणालात म्हणून सांगतो. बाल्टिमोरचा पूल पाडणारं ‘दाली’ जहाज आठवतंय? २६ मार्च २०२४, पुलावर खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. जहाजावरचे जवळपास सगळे खलाशी भारतीय होते.

अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांचा तपास करणाऱ्या मंडळाने) शोधलेलं कारण: एक सिग्नल वायर. वायरच्या टोकाजवळ तिच्या नंबराची पट्टी गुंडाळलेली असते. ती पट्टी इतकी पुढे होती, की वायर टर्मिनलच्या स्प्रिंगमध्ये पूर्ण आत गेलीच नाही. नुसती टेकून राहिली. ती सैल झाली, ब्रेकर उघडला, अख्खं जहाज अंधारात. म्हणजे बालासोरला लेबल चुकीचं होतं आणि इथे लेबल बरोबर असूनच नडलं.

अंधार दोनदा झाला आणि दुसऱ्याचं कारण वेगळं. जनरेटरला इंधन पोचवायला जो पंप चालू ठेवला होता तो होता फ्लशिंग पंप, मुळात नळ्या धुण्याच्या कामाचा. वीज गेल्यावर तो आपोआप परत सुरू होत नाही. इंधनाचा दाब पडला, जनरेटर थांबले. रोजच्या सोयीसाठी केलेली जोडणी. वीज जाईपर्यंत ती कोणाला खटकत नाही.

आणि पहिल्या अंधारात व्हीडीआरने जहाजाच्या सेन्सरची माहिती घेणं सुमारे मिनिटभर बंद केलं, बॅटरीवर नुसता आवाज चालू राहिला. जी माहिती सगळ्यात जास्त हवी ती नेमकी त्याच मिनिटात नाही.

खडीवाला

वायरीच्या या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे लंडनचा क्लॅपहॅम जंक्शन, १२ डिसेंबर १९८८, ३५ मृत्यू. रिले रूममध्ये नवी वायर घातली, जुनी एका टोकाने सोडवली, पण कापली नाही की धड टेपही लावली नाही, नुसती बाजूला वाकवून ठेवली. दोन आठवड्यांनी शेजारच्या रिलेवर काम करताना ती हलली आणि आपल्या जुन्या टर्मिनलला जाऊन टेकली. पुढे गाडी उभी असताना सिग्नल लाल होईना. तपासणाऱ्याने वायरी मोजल्या असत्या (रिलेच्या टर्मिनलवर नकाशाप्रमाणे दोन हव्यात, आहेत तीन) तर लगेच कळलं असतं.

ते काम करणाऱ्या माणसाला १३ आठवड्यांत एक सुट्टी मिळाली होती. चौकशीने हे ठळक लिहिलं आणि ९३ शिफारशी केल्या, त्यात कामाचे तासही आले. मला हा अहवाल म्हणून मोठा वाटतो. वायर सापडल्यावर तो थांबला नाही.

नारिंगी_डबा

हवेतली वायर माझ्याकडून. एअरएशियाचं क्यूझेड ८५०१, २८ डिसेंबर २०१४, जावा समुद्र, १६२ जण. रडर (शेपटीवरचं सुकाणू) मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्राच्या कार्डावर डाखाला भेग. तो इशारा त्या विमानात आधीच्या वर्षभरात २३ वेळा आला होता आणि दर वेळी ‘रीसेट केलं, गेलं’. शेवटच्या उड्डाणात तो पुन्हापुन्हा आला तेव्हा कॉकपिटमध्ये सर्किट ब्रेकरच ओढले गेले, ऑटोपायलट सुटला आणि पुढचं विमान हाताळणं चुकलं. आता याला तांत्रिक बिघाड म्हणा की मानवी चूक. धागाकर्त्याचा प्रश्नच गळून पडतो.

बाराखडी

सगळं वाचलं. माझा मुद्दा कायद्याचा आहे आणि तो अनेकांना आवडणार नाही.

शिकागो कराराच्या परिशिष्ट १३ नुसार विमान अपघाताच्या तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं नाही. ३० दिवसांत प्राथमिक अहवाल, शक्यतो १२ महिन्यांत अंतिम, नाहीतर दर वर्षदिनी सद्यस्थितीचं निवेदन. जहाजांसाठी १ जानेवारी २०१० पासून लागू असलेली आयएमओची (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची) संहिता हेच तत्त्व सांगते. कागदावर छान. पण बालासोरनंतर सीबीआयने सिग्नल खात्यातल्या तिघांना अटक केली. मुंब्र्याला ९ जून २०२५ ला लोकलमधून पडून माणसं गेली, तिथे अभियंत्यांवर पोलिसांत गुन्हा दाखल झाला आणि नोव्हेंबरमध्ये कर्मचाऱ्यांनी सीएसएमटीला गाड्या रोखल्या. कोण बरोबर ते बाजूला ठेवा. पुढच्या वेळी लोकेशन बॉक्समधली चूक सापडली तर ती स्वतःहून नोंदवायला कोण येईल?

ठाणे_स्लो

@बाराखडी, पण मेलेल्यांच्या घरच्यांना ‘आम्ही दोष ठरवत नाही’ हे कसं सांगणार? चाचणी न करता कागदावर सही ठोकणं हा गुन्हा नाही का?

बाराखडी

असू शकतो. तो शोधायचा पोलिसांनी, स्वतःचा पुरावा स्वतः गोळा करून. सुरक्षा-तपासात माणसाने विश्वासाने दिलेलं निवेदन उचलून आरोपपत्राला जोडलं, की त्या तपासाचं दुकान बंद. दोन्ही चालू द्या, मध्ये भिंत हवी. आपल्याकडे ती भिंत पातळ आहे एवढंच म्हणतोय.

पुणेरी_मिरची

भिंत पातळ आणि कंत्राटदार तोच.

आगाऊ_सिग्नल

एक छोटा पण महत्त्वाचा विषय कोणी घेतला नाही: घड्याळं.

स्थानकातल्या डेटा लॉगरचं (सिग्नलच्या हालचाली नोंदवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ वेगळं, इंजिनाच्या स्पीड रेकॉर्डरचं वेगळं, सीसीटीव्हीचं आणखी वेगळं. स्टेशन मास्तरच्या रजिस्टरातली वेळ तर भिंतीकडे बघून लिहिलेली, एक-दोन मिनिटं इकडेतिकडे धराच. ‘सिग्नल आधी पडला की पॉइंट आधी फिरला’ हा प्रश्न सेकंदांचा असतो. म्हणून सगळ्यांत दिसणारी एक घटना शोधतात, उदाहरणार्थ गाडी ट्रॅक सर्किटवर (रुळावर गाडी आहे का ते विजेने ओळखणाऱ्या टप्प्यावर) चढली तो क्षण, आणि तिला खुंटी मानून बाकीची घड्याळं सरकवतात.

स्पीड रेकॉर्डरचा वेगही जसाच्या तसा घ्यायचा नाही. यंत्र चाकाचे फेरे मोजतं आणि त्यात चाकाचा व्यास हाताने भरलेला असतो. नवं चाक १०९२ मिमी, ते झिजत १०१६ पर्यंत चालतं. यंत्रात १०९२ तसंच ठेवलं आणि चाक १०३० झालं, तर खऱ्या १०० ला यंत्र १०६ दाखवणार. ड्रायव्हरने वेगमर्यादा मोडली असा ठपका ठेवण्याआधी चाकाला टेप लावून बघा.

नारिंगी_डबा

+१. विमानाच्या अहवालात वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, आपली वेळ हवी तर साडेपाच तास मिळवा. अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात इंधनाचे स्विच बंद स्थितीला गेल्याची नोंद ०८:०८:४२ च्या लगेच पुढे आहे आणि मुद्रण ०८:०९:११ ला संपतं. ते दुपारचे १ वाजून ३८-३९ मिनिटं. सुरुवातीला बऱ्याच जणांनी सकाळचे आठ वाजवले होते.

चष्मेबहाद्दर

पण ते स्विच कोणी...

ठाणे_स्लो

@चष्मेबहाद्दर, पहिली पोस्ट वाचा. शेवटचा परिच्छेद.

नारिंगी_डबा

धागाकर्त्याशी सहमत. प्राथमिक अहवालात काय नोंदलं गेलं ते आहे, का झालं ते नाही. माझी तक्रार एकच. त्यात दोन वैमानिकांमधला संवाद स्वतःच्या शब्दांत एका ओळीत दिला, कोण बोललं ते सांगितलं नाही. एकतर पूर्ण द्या, नाहीतर अंतिमपर्यंत थांबा. अर्धवट ओळीवर लोक कादंबऱ्या लिहितात.

डोलकाठी

इथे माझं जमत नाही. ती ओळ गाळली असती तर ‘दडवलं’ म्हणून बोंब झाली असती.

कोकणकन्या_लेट

अवांतर वाटेल, पण तपासातून खरंच काही बदलतं का, तर हो. कोकण रेल्वेवर २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ गाडी दरडीच्या दगडांवर आदळली, ५१ मृत्यू. लगेच पुढच्या वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा पुलावरून खाली गेली. पुन्हा दगडच. तिथे वायर नाही की लेबल नाही, फक्त कातळ, माती आणि पाणी. त्यानंतर डोंगरउतार कमी खडे केले, जाळ्या बांधल्या, गस्तवाले वाढवले आणि पावसाळ्यात वेग उतरवला. आज आपण ‘पावसाळी वेळापत्रक’ म्हणून ज्याला शिव्या घालतो त्याच्या मागे हे दोन जून आहेत. धो धो पावसात पुढचं दिसेनासं झालं की गाडी ४० च्या वर न्यायची नाही.

खडीवाला

अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. दरडीच्या तपासात दगड कुठे पडला यापेक्षा कुठून सुटला ते बघावं लागतं, म्हणजे वर चढावं लागतं. सुटल्या जागेवरचा कातळ ताजा दिसतो, भेगेत मुळं असतील तर ती भेग जुनी, आणि वरच्या चराचं पाणी कुठे वळलंय ते पाहायचं. चर तुंबला की पाणी भेगेत शिरतं. बरेचदा उत्तर त्या तुंबलेल्या चरात असतं आणि त्यासाठी लागतो एक माणूस आणि फावडं.

बाराखडी

एकच मंडळ या मूळ प्रश्नाकडे परत येऊ का?

एक गंमत ऐका. रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वेच्या हाताखाली नाहीत, नागरी विमान मंत्रालयाच्या आहेत. १९३७ च्या बिहट्याच्या अपघातानंतर नेमलेल्या समितीने उचलून धरलं, की तपासनीस रेल्वे बोर्डाखाली नकोत. मग १९४१ मध्ये त्यांना तेव्हाच्या टपाल-आणि-हवाई खात्याकडे दिलं. ती सोय आजतागायत चालू. विमान अपघातांचा तपास करणारा एएआयबी २०१२ पासून, त्याच मंत्रालयात. जहाजं नौवहन महासंचालनालयाकडे, म्हणजे जे नियम करतात तेच तपासही करतात. अमेरिकेची एनटीएसबी १९६७ पासून सगळं एकत्र बघते, कॅनडाची टीएसबी तेलाच्या पाइपलाइनीसकट. ब्रिटनने मात्र तीन वेगळ्या शाखा ठेवल्या आणि त्या उत्तम चालतात. तेव्हा एक की तीन हा प्रश्न दुय्यम. काकोडकर समितीने २०१२ मध्ये रेल्वेसाठी कायद्याने स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरण मागितलं होतं, ते अजून झालेलं नाही.

चष्मेबहाद्दर

रेल्वेचा तपास विमान मंत्रालय करतं?? मग विमान लेट झालं तर तक्रार दादर स्टेशनवर का?

खडीवाला

माझा एकाच मंडळाला विरोध आहे. माउंटची खूण ओळखायला वीस वर्षं रुळावर जावी लागतात, ते ज्ञान विमानवाल्याकडून येणार नाही. आणि मोठ्या मंडळात रेल्वे कायम मागच्या बाकावर बसते, कारण विमान पडलं की कॅमेरे येतात.

आगाऊ_सिग्नल

खडीवाला, पण हाच धागा बघा की. क्लॅपहॅमची वायर, बालासोरचं टर्मिनल, दालीची पट्टी, एअरएशियाचा डाख. चार खात्यांत चार फायली. जोडणीनंतर दुसऱ्याच माणसाने वायर ओढून बघायची आणि मोजायची, हे एकाने शिकलेलं दुसऱ्याला कळायला एक छप्पर लागेलच. प्रयोगशाळा तरी एक असू दे: धातू बघणारी, चिप वाचणारी, घड्याळं जुळवणारी. रुळावर तुम्हीच जा.

खडीवाला

प्रयोगशाळेला हरकत नाही. अहवालही जाहीर करा म्हणावं. एएआयबीचे अंतिम अहवाल कोणालाही वाचता येतात, कोळीकोडच्या विमान अपघाताचा आहेच की. आयुक्तांचे अहवाल मिळवायला मात्र नाकी नऊ येतात. बांकडानयाबाजच्या वायरिंगचं प्रत्येक स्थानकातल्या सिग्नल मेंटेनरला वेळेत वाचायला मिळालं असतं, तर बहानग्याच्या बॉक्सपाशी कोणीतरी अक्षरं एकदा ताडून पाहिली असती की नाही, हे कसं कळणार?

ठाणे_स्लो

एकाच मंडळाचं माझं मत तूर्त अर्ध्यावर आणतो: प्रयोगशाळा एक, अहवाल सगळे उघडे, तपासनीस आपापले. कोणी दरवाजे-खिडक्यांच्या बोल्टवर लिहिणार असेल तर लिहा. ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० चं ऐकलंय, वैमानिक काचेतून अर्धा बाहेर गेला होता तो.

नारिंगी_डबा

१० जून १९९०. काचेच्या ९० बोल्टपैकी ८४ व्यासाला ०.०२६ इंच बारीक, उरलेल्या सहांचा व्यास बरोबर पण लांबीला ०.१ इंच कमी. जुना बोल्ट हातात धरून त्याच्यासारखे दिसणारे नवे डब्यातून काढले होते, पुस्तकातला नंबर न बघता. काढलेले जुने बोल्टही बरेचसे चुकीचेच होते. सविस्तर उद्या टंकतो, नवा धागा काढा, हा लोड व्हायला वेळ घेतोय.